ज्याला लागलं त्यानं सांगायचं

आमच्या कोकणात, लांज्याकडे सपाट जमीन शोधावी लागते. घराच्या पायरीवरून उतरलं की चढण नाहीतर उतार, आणि समोर बघावं तर झाडं. त्यामुळे वसमतला गाडीतून उतरून आम्ही टेम्पोत बसलो आणि गाव मागे पडलं, तेव्हा मी टेम्पोच्या कडेला धरून नुसती बघत राहिले. काळी जमीन निघाली ती थेट आभाळाला जाऊन टेकली होती. मधे एखादं कडुलिंब, एखादी विहीर, आणि लांबवर शिजणाऱ्या हळदीच्या वाफेचा पांढरा खांब. एवढं आभाळ मी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं.

टेम्पोत आमच्या पायाशी ढाली, वेताच्या तलवारी, कापसाचे बोळे बांधलेले भाले आणि दोन पोती भरून लोखंडी टोप होते. चालवणाऱ्या मामांनी एकदा मागे वळून पाहिलं. "नाटक हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा, लढाई आहे," फिरोज म्हणाला.

"कोनाशी?"

"आमच्याशीच."

मामांनी पुढे वळून गाडीचा वेग वाढवला.

आमचा छंद लोकांना पटकन कळत नाही, हे मला मान्य आहे. आम्ही वीसेक जण पुण्यात दर रविवारी सकाळी एका मैदानावर जमतो आणि सातआठशे वर्षांपूर्वीचं पायदळ जसं लढत असेल तसं लढतो. ढाली आम्हीच करतो, अंगावरची चामडी, टोप, सगळं आम्हीच करतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. इतिहास घेऊन बी. ए. झाले. पुस्तकात 'पायदळ' हा शब्द मी शंभर वेळा वाचला होता, पण पायदळातल्या माणसाचे खांदे संध्याकाळी किती दुखत असतील हे मला या लोकांनी शिकवलं, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. माझे वडील सुतारकाम करतात. मी ढाल करायला शिकते आहे असं त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी फळी कुठल्या लाकडाची एवढंच विचारलं.

या खेळातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आमच्यात पंच नसतो. घाव लागला की नाही हे मारणाऱ्यानं म्हणायचं नाही, बघणाऱ्यानंही नाही. ज्याला लागलं त्यानंच "लागला!" असं मोठ्यानं ओरडायचं आणि पडायचं. पडलेला मेला. शिंग वाजेपर्यंत त्यानं बोलायचं नाही, हलायचं नाही. तो गप्प राहिला आणि लढत राहिला, तर त्याला कुणी अडवू शकत नाही. आणि कुणी तसं केलं तर पुढच्या रविवारी त्याच्याशी कुणी लढत नाही, एवढंच.

ही रीत मला शिकवली माधवदादांनी. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पुण्याच्या एका कारखान्यात फिटर, आणि आमच्यातला सगळ्यात जुना लढवय्या. या प्रवासाचं कारणही तेच होते. ते मूळचे शिरड शहापूरच्या बाजूच्या एका वाडीतले. घरी शेतीही आहे, पण वडील पहिल्यापासून मेंढरं आणि शेळ्या राखणारे. वडिलांना सगळे बापू म्हणतात. माधवदादा तिशीच्या आत गाव सोडून गेले, आणि तेव्हापासून बापूंना एकच प्रश्न पडलेला: सुट्टीच्या दिवशी हा करतो काय? एकदा दादांनी खरं सांगितलं. "लढतो," म्हणाले. त्यावर कितीतरी वर्षं बापूंची समजूत होती की पोरगं पुण्यात मारामाऱ्या करून राहिलं.

"एकदा त्यांनी बघावं," दादा आम्हाला म्हणाले होते. "आवडलं नाही तरी चालेल. पण बघावं. आता ते फार दिवस रानात जाणार नाहीत."

म्हणून आम्ही आमची यंदाची मोठी लढाई पुण्याच्या मैदानावर न करता बापूंच्या हरभरा काढलेल्या रानात करायची ठरवली होती.

वाडीत

पोचलो त्या दिवशी माधवदादांच्या वहिनींनी आम्हाला धपाटे आणि दही वाढलं. ज्वारीच्या पिठात तिखट, लसूण, तीळ; तव्यावरून थेट ताटात. मी भाताच्या मुलखातली, आमच्याकडे भाकरी तांदळाची. मी तिसरा धपाटा घेतला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लाजू नको माय, लढाया करायला आलीस ना? मंग हातात जोर नको का?" चौथा त्यांनी न विचारताच टाकला.

अंगणभर हळद पसरली होती. शिजवून वाळत घातलेली, बोटाएवढाली कांडं, आणि त्यातून चालायला फक्त पायवाट ठेवलेली. वास असा की घशात गोड लागतो. माणसांच्या टाचा पिवळ्या, दाराचा उंबरा पिवळा, शेळीच्या दाढीचं टोकसुद्धा पिवळं. मला आपलं वाटत होतं, हळद म्हणजे आपण डब्यातून चिमूटभर घेतो ती. तिचा डोंगर असतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बापू संध्याकाळी मेंढरं घेऊन आले. उंच, काटक, डोक्याला लाल फेटा. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी आमच्या ढालींकडे पाहिलं, टोपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही पन?"

"व्हय बापू," माधवदादा म्हणाले. पुण्यात कधी न ऐकलेली त्यांची ही बोली ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "ही भाला चालवती."

"कोनावर?"

"माझ्यावर बी."

"बरं," बापू म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. इतक्या वर्षांनी मुलगा चार दिवस राहायला आला होता, आणि बोलणं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हातून जे झालं, ते आमच्याशिवाय कुणाच्या हातून झालं नसतं. आमचे चामड्याचे छातीपट अजून मऊ होते. चामडं कडक गरम पाण्यात थोडा वेळ धरलं की ते आकसतं, घट्ट होतं, आणि गरम असतानाच अंगावर बांधलं की त्या माणसाच्या छातीचा आकार घेतं. हे काम फिरोजचं. तो एरवी संगणकावर बसून इतरांच्या चुका शोधतो. दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून निम्मे छातीपट गेरूने रंगवलेले होते, निम्मे साधे.

पाणी तापवायला मोठं भांडं हवं होतं. हल्ली हळद बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, पण बॉयलरची पाळी लांबली म्हणून दादांच्या भावाने शेवटची थोडी हळद परसातल्या जुन्या कढईत शिजवून नुकतीच बाहेर काढली होती. कढईत पाणी वाफाळत होतं. फिरोजला वाटलं, देवच पावला.

"पिवळं दिसतंय रे," मी म्हटलं.

"वरवरचा रंग आहे. धुतला की जाईल."

एकेक करून सगळे छातीपट आत गेले. बाहेर काढून अंगावर बांधले, तोवर उत्तम कडक झाले होते. गेरू पाण्यात राहिला होता, आणि लग्नघरातल्या पाटासारखे सगळेच्या सगळे झगझगीत पिवळे. फिरोजने साबण लावला, राख लावली, चिंच लावली. साबणाने आणि राखेने ते लालसर झाले, चिंचेने पुन्हा पिवळे, आधीपेक्षाही उजळ.

वहिनी दारातून पाहत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. "अवो या, बघा या," त्यांनी शेजारणींना हाक मारली, "सगळ्या नवरदेवायला एकदमच हळद लागली! नवऱ्या कुठं हायेत म्हणावं?"

"ही एकच नवरी दिसून राहिली," एक शेजारीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अन् तिला बी लागली."

आता कोण कुणाच्या बाजूचं हे कळणार कसं? वहिनींनीच तोड काढली. एक जुनं लाल लुगडं आणलं, फाडून पट्ट्या केल्या आणि निम्म्या लोकांच्या दंडावर स्वतः गाठी मारल्या. माझी गाठ मारताना म्हणाल्या, "आमच्या भाऊजीला जास्त मारू नको हां. बापूसमोर हाय ते."

त्या हसत म्हणाल्या होत्या. पण गाठ मारून झाल्यावर त्यांनी माझा दंड लगेच सोडला नाही.

औंढ्याला

दुपारचं ऊन उतरायला लागल्यावर आम्ही औंढ्याच्या नागनाथाला गेलो. दर्शन तर घ्यायचंच होतं, पण खरं सांगायचं तर आमचे डोळे भिंतींवर होते. यादवांच्या काळचं पायदळ नेमकं काय घालत असे यावर आमच्यात रविवारच्या चहाला भांडणं होतात. इथे दगडात ती माणसं उभी आहेत असं माधवदादा वर्षानुवर्षं सांगत आले होते.

काळ्या दगडाच्या त्या भिंतीसमोर गेले आणि मान वर करून बघत राहिले. खाली हत्तींची रांग, वर देव, देवता, नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये कुठे हातभर, कुठे वीतभर उंचीची लढणारी माणसं. एकाने ढाल अशी धरली होती की खालची कडा गुडघ्यावर टेकलेली. मी आपोआप तशी उभी राहिले. माझा डावा खांदा हलका झाला. गेलं वर्षभर तो खांदा का दुखतो ते मला कळत नव्हतं, आणि उत्तर इथे दगडात ऊनपाऊस खात उभं होतं. पुस्तकाने मला इथपर्यंत आणलं, पण हे पुस्तकात नव्हतं. मी भिंतीला हात लावला नाही. नुसता जवळ धरला. दिवसभराचं ऊन दगडातून माझ्या तळव्याला लागत होतं.

फिरोज मात्र दुःखी झाला होता. "कुणाच्याच अंगात चिलखत नाही," तो म्हणाला. "बघ ना. कमरेला वस्त्र, गळ्यात माळा, हातात कडी. बस."

"तुझ्या अंगात काय आहे आत्ता?" माधवदादांनी विचारलं.

फिरोजने स्वतःच्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं.

"ऊन त्यांनाही लागत असणार," दादा म्हणाले आणि प्रसादाचा नारळ त्याच्या हातात दिला.

परत येताना ते माझ्या शेजारी बसले होते. लहानपणी मेंढरांमागे या बाजूला आलो की बापू त्यांना देवळात सोडून बाहेर थांबायचे, असं त्यांनी सांगितलं. मेंढरं सोडून दोघांना आत जाता येत नसे. "तेव्हा हे ढालवाले मी एकट्यानंच बघितले. बाहेर येऊन बापूंना सांगायचो, असा उभा होता, तसा उभा होता. काठी घेऊन दाखवायचो. ते हो हो म्हणायचे, पण लक्ष मेंढरांवर." थोडं थांबून म्हणाले, "लक्ष ठेवावंच लागतं म्हणा."

तालीम

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही रानात तालीम केली. हरभऱ्याची मुळं जमिनीत होती आणि जमिनीला भेगा पडलेल्या. आमची तांबडी माती पावसात पाय ओढते. इथली काळी माती उन्हात पाय गिळते. पहिल्याच धावेत एकाचा बूट भेगेत अडकला आणि तो बुटाशिवाय पुढे गेला.

वाडीतली माणसं बांधावर येऊन बसली होती. जवळच्या तांड्यावरचेही काही आले होते. सुरुवातीला हशा होता, मग ढालीवर ढाल आदळल्याचा आवाज रानात घुमला आणि हशा थांबला. तो आवाज मी कितीदा ऐकला आहे, पण पुण्यात तो भिंतींना लागून मरतो. इथे तो सुटला तो सुटलाच. कुठूनतरी टिटव्या उठल्या.

फिरोजला घाव लागला. "लागला!" म्हणून तो छान पडला, एक हात पसरून. पडण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. एवढ्यात बांधावरून एक म्हातारी तांब्या घेऊन सरळ लढाईत शिरली. आम्ही भाले वर केले. ती फिरोजपाशी बसली.

"उठ रे लेकरा. पानी पे."

फिरोज मेलेला होता. बोलता येत नव्हतं.

"ऊन लागलंय याला," ती आमच्याकडे बघून ओरडली. "अन् तुमी लाकडं खेळून राहिलात? काही काळीज हाय का न्हाई?" आणि तिने तांब्यातलं अर्धं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. फिरोजचे ओठ आवळलेले, डोळे मिटलेले, पोट मात्र हसण्याने हलत होतं. ते पाहून म्हातारी आणखी घाबरली. "अगं माय, झटके येऊन राहिले याला!"

शेवटी दादांनी लढाई थांबवली आणि सगळ्या लोकांना बांधावर बसवून आमची रीत सांगितली. घाव कसा मोजतात, कोण सांगतं, शिंग वाजेपर्यंत मेलेला कसा पडून राहतो. म्हातारीला पटलं नाही, पण उरलेलं पाणी ती स्वतःच प्याली आणि शांत झाली.

बापू बांधाच्या टोकाला काठी टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "ज्याला लागलं त्यानंच सांगायचं?"

"व्हय."

"अन् त्यानं न्हाईच सांगितलं तर?"

"सांगतो बापू. सगळे सांगतात."

बापू हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "इतक्या उमरीत मला तर असा एक बी मानूस न्हाई भेटला. मेल्यावानी पडायचं, पुन्हा उठून च्या प्यायचा. तुझ्या वयाची मानसं नातवंडं खेळवून राहिलीत, माधव. ही खोटी लढाई हाय."

दादांनी मान खाली घातली आणि टोपाचा पट्टा सोडवायला लागले. पट्टा आधीच सुटलेला होता.

त्या दिवशी दुपारी जेवताना, पिठलं-भाकरी आणि जवसाची चटणी पुढ्यात असताना, फिरोजने विषय काढला. दादा विहिरीवर गेले होते. "उद्या दादा शेवटपर्यंत उभे राहिले पाहिजेत," तो हळू आवाजात म्हणाला. "मी जरा लवकर पडतो. तुम्हीही बघा. एकदा बापूंनी त्यांना जिंकलेलं पाहिलं की झालं." कुणी हो म्हटलं नाही, पण नाही कुणीच म्हटलं नाही. मलाही तेच बरोबर वाटलं होतं. या माणसाने मला ढाल धरायला शिकवली. एक दिवस त्यांच्यासाठी पडले तर काय बिघडलं?

मागे पाण्याची कळशी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. माधवदादा उभे होते.

त्यांचा चढलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, तेव्हाही ऐकला नाही. पण ते पुण्याचं बोलणं विसरले. "माझ्या बापासमोर मला खोटं जितवून राहिले तुमी?" ते म्हणाले. "मंग बापू बोलले त्यात काय चूक हाय? खोटीच झाली ना लढाई?"

फिरोजने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मी हरलो तर हरलो. पण उद्या जो मुद्दाम पडल, त्यानं माझ्या दारात पुन्हा येऊ नये." मग त्यांनी कळशीतलं पाणी प्रत्येकाच्या पेल्यात ओतलं, फिरोजच्या सुद्धा, आणि जेवायला बसले.

हरभऱ्याच्या रानात

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी वाडी बांधावर होती. कुरुंदा, डोंगरकडा या गावांहून दादांचे पाहुणे आले होते. बैलगाड्या आडव्या लावून त्यावर बायका बसल्या होत्या. एकाने उसाच्या रसाची गाडी आणून उभी केली होती. बापूंनी त्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या स्वाधीन केली. हे वहिनींनी मला कानात सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "माझ्या लग्नात बी न्हाई केली होती."

आम्ही दोन रांगांत उभे राहिलो. समोर माधवदादांची पिवळी रांग, इकडे आमचीही पिवळीच, पण दंडाला लाल पट्ट्या. दादांनी त्यांचं कड्यांचं चिलखत घातलं होतं. स्वतः कडी कडीत अडकवून केलेलं. सकाळच्या उन्हात ते पाण्यासारखं हललं आणि बांधावरचे लोक नीट बघायला उठून उभे राहिले.

शिंग वाजलं.

लढाईचं वर्णन करायला मी बसले की माझ्याकडे तुकडेच असतात. टोपाच्या फटीतून जग हाताएवढं दिसतं. शेजाऱ्याची ढाल खांद्याला लागते तोवर सगळं ठीक. लागायची थांबली की समजायचं तो पडला. "लागला!" उजवीकडून. "लागला!" मागून. मी औंढ्याच्या त्या वीरासारखी ढाल गुडघ्यावर टेकवून उभी राहिले आणि उभी राहू शकले. फिरोज माझ्या बाजूलाच होता. तो इतका वेळ कधीच टिकत नाही, पण त्या दिवशी त्याने तिघांना पाडलं आणि मग खरोखर, मनापासून, पडला. घाम डोळ्यांत जाऊन सुकला आणि मीठ झालं. आमच्याकडे घाम सुकतच नाही. इथे तो वाहायलाच वेळ मिळत नाही.

मग एकाएकी शांत झालं. मी टोप जरा वर केला. जमिनीवर सगळीकडे पिवळी माणसं पडली होती. उभे आम्ही दोघंच होतो: मी आणि माधवदादा.

बांधावरून कुणीतरी ओरडलं, "माधव, आवर आता! लेकरू हाय ते!" आणि हशा पिकला.

मी खूप घाबरले होते हे लिहायला हवं. माराला नव्हे, बापू बांधावर पुढे येऊन उभे होते त्याला. पण दादांनी ढाल उचलली आणि फटीतून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी दर रविवारी पाहते. तिचा अर्थ एकच असतो: ये, आणि नीट ये.

मी नीट गेले. पहिला वार त्यांनी ढालीवर घेतला. त्यांचा पहिला माझ्या टोपाजवळून गेला. दुसऱ्या वेळी त्यांची ढाल किंचित वर गेली आणि मी खालून भाला घातला, काखेखाली, चिलखताच्या कड्या संपतात तिथे. मला हाताला काहीच जाणवलं नाही. भाल्याचं टोक हवेतून गेलं की कापडाला घासून गेलं, मला आजही सांगता येणार नाही. माझा तोल गेला होता. माझी ढाल बाजूला, खांदा उघडा, आणि त्यांची तलवार वर. ती खाली येणार आणि मी मरणार, एवढं मला स्पष्ट दिसलं. बांधावरच्या माणसांनाही दिसलं असणार, कारण तिथे आरडाओरडा सुरू झाला होता.

तलवार वरच राहिली.

"लागला," माधवदादा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं, बांधाकडे तोंड करून: "लागला!"

आणि ते काळ्या मातीत उताणे पडले.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग बांधावरून आवाज यायला लागले. "आँ? पडला काहून?" "लागलं कुठं त्याला?" आणि एक जाड, मजेत असलेला आवाज: "अवो बापू, तुमच्या वाघाला पोरीनं लोळवलं की!" सगळे हसले.

मी जिंकले होते. शिंग वाजायच्या आधी जिंकलेल्या बाजूने रानाला एक फेरी घालायची असते, आणि माझ्या बाजूची मी एकटीच उरले होते. पण मी तिथेच थांबले, कारण बापू बांध उतरून रानात येत होते. त्यांना कुणी अडवलं नाही. पडलेल्या माणसांच्या मधून, काठी भेगा चुकवत टेकत, ते सरळ आमच्यापाशी आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं लागलं होतं का बराबर?"

मला खोटं बोलता आलं नाही. "मला ठाऊक नाही, बापू. माझ्या हाताला काही कळलं नाही."

"मंग?"

"ते म्हणाले लागलं. म्हणजे लागलं."

"तुला दिसलं न्हाई. या माणसायला कोनालाच दिसलं न्हाई." ते काठीवर वाकून मुलाकडे बघत होते. दादा डोळे मिटून पडले होते, तोंडावर थेट सूर्य. "त्याची तर तलवार वर होती. मारली असती तर?"

"तर मी मेले असते. आणि ते जिंकले असते."

"समद्या गावासमोर."

"हो."

बांधावरून तो जाड आवाज पुन्हा आला, "न्या आता घरी उचलून!" बापू वळले. म्हाताऱ्या माणसाचा आवाज एवढा लांब जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो उभा जन्म मेंढरांना हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज होता.

"गप रे! त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं म्हणून कळलं तुमाला. न्हाईतर काय दिसलं होतं तुला, सांग की!"

मग बापू माझ्याकडे वळून म्हणाले, "जा माय, तुझं काय असल ते कर."

मी फेरीला निघाले. भाला उभा धरून, पडलेल्यांच्या कडेकडेने, एकटी. एवढ्या मोठ्या आभाळाखाली मी इतकी लहान आणि इतकी उंच त्याआधी कधी झाले नव्हते. बैलगाड्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. अर्ध्या फेरीवर मी मागे वळून पाहिलं. बापू अजून तिथेच होते. ते एक पाऊल डावीकडे सरकले, मग अर्धं पाऊल आणखी, आणि थांबले. त्यांची सावली माधवदादांच्या तोंडावर पडली होती.

फेरी संपवून मी परत त्यांच्याजवळ आले तेव्हा शिंगवाल्याने शिंग तोंडाला लावलं होतं, पण तो वाजवत नव्हता. सगळे मेलेले एक डोळा उघडून एकाच दिशेला बघत होते. दादांचे डोळे मिटलेले होते. फक्त ओठांचे कोपरे त्यांना आवरत नव्हते.

"हसून काय राहिला," बापू बांधाकडे बघतच म्हणाले. "मेलेला हायेस तू. शिंग वाजस्तोवर गप पड."